एक अपघात, तीन चौकश्या

१ सप्टेंबर २०२४, रविवार. गणपती सहा दिवसांवर आले होते आणि लालबागच्या रस्त्यावर मखरं, माळा, मूर्ती पाहायला निघालेली माणसं यांची नेहमीची दाटी होती. बॅलार्ड पिअरहून सायनकडे निघालेली ६६ क्रमांकाची बेस्टची बस गणेश टॉकीजच्या परिसरात अचानक भरकटली आणि मोटारी, दुचाकी, पादचारी यांच्यावर गेली. नऊ जण जखमी झाले, त्यांतल्या एका तरुणीचा मृत्यू झाला. ज्यांनी हे फुटपाथवरून पाहिलं त्यांना एवढंच दिसलं, की बस माणसांच्या अंगावर आली. आत काय झालं ते नंतर कळलं. दारू प्यायलेल्या एका प्रवाशाने चालकाशी हुज्जत घातली होती आणि थेट स्टिअरिंग ओढलं होतं. अटक त्या प्रवाशाला झाली.

आता समजा, बसमध्ये त्या दोघांखेरीज कोणी नसतं. साक्षीला कोणी नसतं. चालकाने सांगितलं असतं, "साहेब, त्याने हात घातला." किती जणांनी विश्वास ठेवला असता?

शंभर दिवसांच्या आत, ९ डिसेंबरच्या रात्री कुर्ल्याला एस. जी. बर्वे मार्गावर ३३२ क्रमांकाची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि नऊ जणांचा जीव गेला. तिथे स्टिअरिंगवर दुसऱ्या कोणाचा हात नव्हता. चालक कंत्राटदाराचा होता, आणि १२ मीटर लांबीची, क्लच नसलेली बस हाती देण्याआधी त्याला शिकवलं किती, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी पुढे आला. २९ डिसेंबर २०२५ ला भांडुप स्टेशनबाहेर बस मागे घेताना चार माणसं गेली. प्रत्येक वेळी शहराने पहिला प्रश्न एकच विचारला: चालक कोण होता? तो प्रश्न चुकीचा नाही, पण चौकशी तिथेच संपत असेल तर ती चौकशी नव्हे, नाव टिपून घेणं झालं.

हा आढावा पोलीस तपासाचा नाही. पोलीस, न्यायालय, विमा यांच्यावर बरंच लिहिलं जातं. गाडी चालवणं हेच ज्याचं काम आहे, त्याच्या हातून किंवा त्याच्याबाबतीत रस्त्यावर अपघात झाला, तर त्याला काम देणारा जी चौकशी करतो तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. नोकरी जाते ती इथेच. आणि दक्षिण-मध्य मुंबईत ही चौकशी कशी होणार हे अपघातावर ठरत नाही. चालकाला पैसे कोण देतं यावर ठरतं. कायम नोकरीतला बेस्टचा चालक, कंत्राटदाराच्या बसवरचा चालक आणि पाठीवर पेटी घेऊन फिरणारा डिलिव्हरीचा मुलगा, हे तिघे भारतमाता सिनेमाच्या सिग्नलवर शेजारी शेजारी उभे असतात. तिघांकडून सारखीच चूक झाली तरी तिघांचं पुढे वेगवेगळं होतं.

कायम चालकाची वाट लांब आहे, पण वाट आहे. निलंबन, आरोपपत्र, चौकशी अधिकारी, साक्षीदार, उलटतपासणी, अहवाल, कारणे दाखवा नोटीस, मग शिक्षा. परळ-लालबागच्या गिरणगावाला हे शब्द शिकवावे लागत नाहीत. 'चार्जशीट आली' म्हणजे काय, हे तिथल्या चाळीत शाळकरी पोरालाही कळत असे. या प्रत्येक पायरीमागे कोणीतरी कोर्टात लढलेलं आहे. निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता न मिळाल्यामुळे माणूस चौकशीला येऊच शकला नाही तर ती चौकशी टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने घनश्यामदास श्रीवास्तव प्रकरणात १९७३ मध्ये सांगितलं. चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी कर्मचाऱ्याला मिळालीच पाहिजे, हे १९९३ च्या करुणाकर निकालाने पक्कं केलं. यांतला एक निकाल तर आपल्या गोदीतलाच आहे. मुंबई बंदराच्या विश्वस्तांनी दिलीपकुमार नाडकर्णी या कर्मचाऱ्याच्या चौकशीत आपल्या बाजूने कायदा शिकलेले अधिकारी उभे केले आणि त्याला मात्र वकील घ्यायला मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ते अन्यायाचं ठरवलं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना कायद्यातल्या २२ व्या कलमाने तर मान्यता नसलेल्या संघटनेलाही आपल्या सभासदाच्या बाजूने खातेनिहाय चौकशीत उभं राहण्याचा हक्क दिला.

तरीही या वाटेवर एक मोठा खड्डा आहे आणि तो चालकांसाठीच खणलेला आहे. फौजदारी खटल्यात नुसता वेग जास्त होता एवढ्यावर चालक दोषी ठरत नाही. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की 'भरधाव' हा शब्द सापेक्ष आहे. निष्काळजीपणा सरकार पक्षाने सिद्ध करायचा असतो, गृहीत धरायचा नसतो. पण २००५ मध्ये चोलन रोडवेजच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बसचालकाच्या खात्यांतर्गत चौकशीसाठी उलट टोक धरलं. तिथे अपघाताची परिस्थितीच बोलकी असेल तर तिच्यावरून निष्काळजीपणाचं अनुमान काढता येतं. संशयातीत पुराव्याची गरज नाही, शक्यतेचा तोल पुरे. म्हणजे कोर्टात निर्दोष सुटलेला चालक डेपोत दोषी राहू शकतो. कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही, कारण एका ठिकाणी प्रश्न तुरुंगाचा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नोकरीचा. व्यवहारात मात्र या सवलतीचा अर्थ आळशीपणे लावला जातो. बस वाकडी उभी आहे, माणूस खाली पडला आहे, म्हणजे झालं, असं धरून चौकशी अधिकारी पुढचे प्रश्न विचारतच नाही. परिस्थिती बोलकी असते हे खरं. पण लालबागला ती बोलली असती तर खोटं बोलली असती.

कायम चालकांच्या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल टीका केली तर लोकांना राग येतो. एसटीत आणि बेस्टमध्ये विनाअपघात सेवेचा सत्कार होतो. पंचवीस वर्षं एकही अपघात न करता गाडी हाकणं हे कर्तृत्वच आहे आणि त्या माणसाला शाल-श्रीफळ मिळायलाच हवं. पण ज्या संस्थेत शून्य अपघात हाच मान असतो, तिथे आरसा निसटता घासणं, ब्रेक एकदा उशिरा लागणं, म्हातारी थोडक्यात वाचणं हे कोणी वहीत लिहीत नाही. मोठ्या अपघाताच्या आधी असे छोटे इशारे येतात. ते नोंदवणाऱ्याला शिक्षा होणार नाही असं आश्वासन नसेल, तर ते चहाच्या टपरीवर राहतात, डेपोच्या नोंदीत पोचत नाहीत.

कंत्राटी चालकाकडे येऊ. २०१९ च्या सुमारास बेस्टने बसगाड्या चालकासकट भाड्याने घ्यायला सुरुवात केली आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक लाल बस अशाच आहेत. बसवर नाव बेस्टचं, वाहक पुष्कळदा बेस्टचा, गाडी एकाची, चालकाचा पगार कंत्राटदाराकडून आणि कधीकधी त्याच्याही खालच्या पोटकंत्राटदाराकडून. या साखळीत अपघाताची चौकशी कोणी करायची? बेस्ट समिती नेमते. पण बेस्ट त्या चालकाची मालक नाही, त्यामुळे चालकाला तिच्यासमोर आरोपपत्र नाही, बचावाचा प्रतिनिधी नाही. कंत्राटदाराचं उत्तर सोपं असतं: कामावरून कमी केलं. ते शिस्तभंगाचं पाऊल म्हणून सांगितलं जातं, पण त्याने पुरावाच हलतो. चालक गेला की वेळापत्रक किती घट्ट होतं, आदल्या रात्री झोप किती झाली होती, ब्रेकची तक्रार आधी केली होती का, हे सांगणारा माणूस गेला. कंत्राटदाराला ते गैरसोयीचं आहे असं मला वाटत नाही.

तिसरा माणूस, म्हणजे डिलिव्हरीचा मुलगा, आज संख्येने सगळ्यांत वेगाने वाढतो आहे. नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालात देशात ७७ लाख गिग कामगार धरले होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज होता. गिरगावात ठाकूरद्वारच्या गल्ल्यांत, दादरला प्लाझासमोर, परळला केईएमच्या फाटकाशी ही मुलं दिसतात. त्यांच्या अपघाताची 'चौकशी' अशी होते: मुलगा पडतो, ऑर्डर पोचत नाही, ग्राहक तक्रार करतो, ॲपमध्ये तिकीट तयार होतं, कोणीतरी बटन दाबतं आणि आयडी ब्लॉक होतो. हॉस्पिटलमधून फोन लावला तर टीम लीडर म्हणतो, वरून झालंय. वर म्हणजे कुठे, ते त्यालाही ठाऊक नसतं. आरोप काय, पुरावा काय, ऐकून कोण घेणार, अपील कुठे, यांतलं एकही नाही. गिरणीत ज्याच्या आजोबाने युनियनचा माणूस बरोबर घेतल्याशिवाय चौकशीच्या खोलीत पाऊल टाकलं नसतं, त्या नातवाला तीन ओळींचा मेसेज येतो आणि त्याला उत्तर देता येत नाही.

कायदा याबाबतीत अर्धा पुढे गेला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगाराला कायद्यात नाव दिलं आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याणासाठी द्यावी असं म्हटलं. चांगलं आहे. पण औद्योगिक संबंध संहितेत निलंबनानंतरची चौकशी साधारण ९० दिवसांत संपवावी, तोवर ५० टक्के आणि नंतर ७५ टक्के निर्वाह भत्ता द्यावा, असं जे संरक्षण आहे ते 'कामगारा'ला आहे. डिलिव्हरीचा मुलगा कंपनीच्या कागदावर 'पार्टनर' असतो. त्याला अपघाताचा विमा मिळू शकेल. आपली बाजू मांडण्याचा हक्क मिळत नाही. तंगडी मोडल्याचे पैसे आहेत, चूक कोणाची हे ठरवताना ऐकून घेणारं कोणी नाही.

कर्नाटकाने २०२५ च्या आपल्या कायद्यात कामावरून काढण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली. युरोपीय संघाचा २०२४ चा निर्देश आणखी पुढे जातो: खातं बंद करण्याचा निर्णय यंत्राने परस्पर घ्यायचा नाही, माणसाने घ्यायचा आणि कारण लेखी द्यायचं. मुंबईतल्या मुलाला यांतलं काही मिळण्याची तातडी महाराष्ट्राला वाटायला हवी.

आता दहा मिनिटांत सामान घरपोच देण्याच्या वचनाचा मुद्दा. कंपन्या सांगतात, की मुलाच्या फोनवर उलटं घड्याळ नसतं. दुकान जवळ असतं म्हणून सामान लवकर पोचतं. मुलं म्हणतात, घड्याळ नसेल, पण इन्सेंटिव्हची पायरी असते. अमुक वेळेत इतक्या ऑर्डर झाल्या तरच पैसे. डिसेंबर २०२५ मध्ये देशभरात त्यांनी संप केला आणि जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्री मनसुख मांडविया यांच्याशी झालेल्या बोलण्यांनंतर ब्लिंकिटने जाहिरातीतलं दहा मिनिटांचं वचन काढलं. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि म्हणूनच वाद जाहिरातीवर घालण्यात अर्थ नाही. एखाद्या अपघाताची प्रामाणिक चौकशी करायची असेल तर उत्तर कंपनीच्याच सर्व्हरवर पडलेलं आहे: त्या दिवशी मुलगा किती तास लॉग इन होता, कितवी ऑर्डर चालू होती, पुढची पायरी गाठायला किती उरल्या होत्या, गाडी चालू असताना फोनवर किती सूचना आल्या. हा पुरावा एका पक्षाच्या तिजोरीत आणि किल्लीही त्याच्याचकडे. जो पक्ष हा पुरावा समोर ठेवत नाही, त्याने मुलाला बेफिकीर म्हणू नये.

पोलिसांच्या बाजूला निदान मुदती आहेत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे जायला हवा. त्यात चालकाने आणि गाडीच्या मालकाने भरून द्यायचे स्वतंत्र नमुने आहेत. म्हणजे चालकाचं म्हणणं लेखी घेण्याची सोय नियमात आहे. पण दुचाकी मुलाच्या स्वतःच्या नावावर असते, त्यामुळे 'मालक' म्हणूनही तोच आणि 'चालक' म्हणूनही तोच. ज्याच्या कामासाठी ती दुचाकी धावत होती ती कंपनी दोन्ही कागदांवर कुठेच नसते. त्यात विमा खासगी वापराचा असेल तर विमा कंपनीलाही हात झटकायला जागा मिळते.

रस्ताही एक पक्षकार आहे आणि आपल्याकडे त्याचा जबाब कोणी घेत नाही. दक्षिण मुंबईत दुचाकीला पूर्व मुक्त मार्ग बंद, सागरी किनारा मार्ग बंद, जे. जे. उड्डाणपूल बंद. त्या पुलाखालून, हातगाड्या आणि टेम्पोंच्या मधून, मोहम्मद अली रोडने जायचं. १२ सप्टेंबर २०२५ ला प्रभादेवीचा पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि परळची पूर्व-पश्चिम वाहतूक टिळक पूल, करी रोड, चिंचपोकळीकडे वळली. या बदलानंतर वेळेचा हिशेब बदलला का, हा प्रश्न त्या भागातल्या प्रत्येक अपघाताच्या चौकशीत यायला हवा. खड्ड्यांबाबत तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट निकाल दिला: खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख, आणि जबाबदारी रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेची. डिलिव्हरीचा मुलगा खड्ड्यात पडला तर त्याचा पहिला पुरावा म्हणजे त्या खड्ड्याचा फोटो. पालिका इतर वेळी कितीही सुस्त असो, अपघातानंतरचा खड्डा बुजवण्यात तिचा हात कोणी धरत नाही.

जमावाबद्दलही बोललं पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमात, अपघातानंतर चालकाने जखमीला मदत करावी असं सांगताना, जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी, असा अपवाद संसदेनेच लिहून ठेवला आहे. कुर्ल्याला चालकाला लोकांच्या हातून सोडवावं लागलं होतं. खात्याच्या चौकशीत मात्र 'घटनास्थळावरून निघून गेला' हे वाक्य सर्रास गुन्ह्याच्या कबुलीसारखं वाचलं जातं. माणूस पळाला की जीव वाचवून जवळच्या पोलीस चौकीत गेला, हे स्टेशन डायरीतल्या वेळेवरून कळतं. ती वेळ पाहायचे कष्ट घ्यावे लागतात.

या तिघांखेरीज एक चौथा वर्ग आहे, ज्याची कुठे गणतीच नाही. लालबागच्या मसाल्याच्या दुकानातला, दादरच्या फूल बाजारातल्या टेम्पोवरचा, गिरगावातल्या औषधाच्या दुकानाचा पोऱ्या. इथे चौकशी पाच मिनिटांत होते आणि शिक्षा एकच असते: गाडीच्या दुरुस्तीचे पैसे पगारातून कापले. पुष्कळ शेठना हे आपल्या अखत्यारीतलं वाटतं. १९३६ च्या वेतन कायद्यापासून नियम असा आहे, की नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच झालं असेल तरच कपात करता येते, ती नुकसानीपेक्षा जास्त असू नये, आणि त्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिलीच पाहिजे. वेतन संहितेतही ही अट कायम आहे. एका दुकानात दोनच पोरं असली तरी ती लागू आहे.

मग चौकशी करायची तरी कशी? विमान वाहतुकीने हे कधीच सोडवलं आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टानुसार अपघात तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा एकच. दोष ठरवणं ही वेगळी प्रक्रिया. आपल्या रेल्वेतही सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली ठेवले आहेत, ते गाड्या चालवणाऱ्यानेच स्वतःची परीक्षा घेऊ नये म्हणून. रस्त्यावर हे तत्त्व उतरवणं अवघड नाही. ज्याने ड्युटी लावली त्याने चौकशी अधिकारी होऊ नये. कारण शोधणारा कागद आणि शिक्षा ठरवणारा कागद वेगळे असावेत, आणि पहिल्यात चालकाने खरं सांगितलं म्हणून ते दुसऱ्यात त्याच्याविरुद्ध वापरू नये. मालकाकडची सगळी नोंद, लॉग, कॅमेरा, दुरुस्तीची वही, चालकाला आधी मिळावी. चालक दारू प्यायलेला असेल, लाल सिग्नल तोडला असेल, तर त्याला शिक्षा झालीच पाहिजे. न्याय्य चौकशी म्हणजे माफी नव्हे. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनाही खरं कारण कळण्याचा हक्क आहे आणि घाईने बडतर्फ केलेला चालक त्यांना ते देऊ शकत नाही.

परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची राज्य सरकारची श्रम संस्था आहे. अपघाताच्या खात्यांतर्गत चौकशीची एक साधी, मराठीतली नमुना पद्धत तिथे तयार होऊ शकते: बेस्टच्या कंत्राटदाराला, ॲपच्या कंपनीला आणि मसाल्याच्या दुकानदाराला सारखीच लागू पडेल अशी. राज्याने ती कंत्राटाच्या अटींत घालावी आणि गिग कामगारांसाठी कायदा करील तेव्हा त्यात आयडी बंद करण्याआधी लेखी कारण, ऐकून घेणं आणि अपील ही तीन कलमं घालावीत. तोवर डिलिव्हरीच्या मुलांना एकच सांगणं: पडलात तर आधी उपचार, मग त्याच दिवशी ॲपमधल्या ऑर्डरचा, लॉग इनच्या तासांचा आणि रस्त्याचा फोटो काढून घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा. आयडी ब्लॉक झाला की तो पडदाही तुमच्यासाठी बंद होतो.